सागापर्यंतची नळी

मित्रांनो, मी एक जुनी ठिबकची नळी आहे, आणि कौतिक आबांनी मला भर रानात गुंडाळलं तेव्हा माझ्या दुसऱ्या टोकाकडे त्यांची बायको चालली होती.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. ‘सर्वांसाठी रानवाट मंडळा’च्या सभेत तसा ठराव मांडला गेला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तेव्हा आपण पहिल्यापासून सुरू करू. पुढे काही वाईट होणार नाही, असा चेहरा करून बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याआधी मी दाणा होते. काळा, साबुदाण्याएवढा, पण कुणाच्याही उपासाला न चालणारा. तो दाणा तापवला, वितळवला, एका भोकातून ओढला आणि मी जन्मले ती लांबच लांब. माणसाच्या घरी बाळ झालं की मुलगा की मुलगी विचारतात. आमच्यात किती मीटर ते विचारतात.

मी आले ती नशिराबादच्या शिवारात, कौतिक आबांच्या केळीत. माझ्या अंगाला हात-हातभर अंतरावर बारीक छिद्रं आहेत. त्यातून थेंब पडतो, मग दुसरा पडतो. एवढंच माझं काम. मोठं काम नाही, पण केळीचा घड माणसाच्या कमरेएवढा व्हायचा तेव्हा आबा बांधावर उभे राहून माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, हे आपण केलं. केळीलाही तसंच वाटत असणार. विहिरीलाही. आबांनाही. सगळे खूश होते.

आबांना एक खोड होती. पसरलेली नळी त्यांना बघवत नसे. केळी कापून झाली, खोडं काढायची वेळ आली की आधी नळ्या गोळा करायच्या. नाहीतर खारी कुरतडतात, डुकरं तुडवतात, औताखाली तुकडे होतात. हे सगळ्याच शेतकऱ्यांना कळतं. पण आबांच्या डोक्याला ते कळण्याआधी हातांना कळायचं. एकदा दोंडाईच्याला भाचीच्या लग्नात व्याह्यांशी केळीच्या भावाबद्दल बोलता बोलता त्यांनी मांडवातली दिव्यांची माळ उतरवली, नीट गुंडाळली आणि व्याह्यांच्या हातात दिली. पंगत अंधारात जेवली. कुणाच्या पानात काय पडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आबा घरी येताना म्हणाले, लग्न चांगलं झालं.

नळी गुंडाळायला दोन माणसं लागतात, मित्रांनो. एकानं एका टोकाला उभं राहून ती ओढत ओढत वेटोळं करायचं. दुसऱ्यानं मध्ये उभं राहून तिला सैल मुठीतून जाऊ द्यायचं, म्हणजे चिखल पुसला जातो आणि पीळ पडत नाही. आमच्या घरी आबा ओढायचे आणि सुनंदाबाई मूठ धरायच्या. सुनंदाबाई म्हणजे आबांची बायको. मुठीतल्या माणसानं हलायचं नसतं. नळी चालते, माणूस उभा राहतो. किती वर्षं हे दोघं असे उभे राहिले! संसारात दोघं एकमेकांशी फार बोलले नसतील, पण माझ्यावर दोघांचे हात कायम होते.

मग सुनंदाबाईंना साखर झाली. साखरेनं डोळे नेले. एकदम नाही. ठिबकसारखे, थेंब थेंब.

डोळे गेल्यापासून त्यांचं मनगट सगळ्या गावाचं झालं. उठल्या की कुणीतरी मनगट धरायचं. मुलगा हितेंद्र धरायचा, सून धरायची, शेजारच्या कुंदाबाई धरायच्या. एकदा तर दारात आलेल्या भांडीवाल्यानं त्यांना मनगटाला धरून त्यांच्याच घरात नेऊन बसवलं आणि मग विचारलं, भांडी घ्यायची का. सगळे प्रेमानं धरायचे. त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. सुनंदाबाई उजव्या मनगटातली बांगडी काढून ठेवत, कारण ती सारखी रुतायची.

त्याच सुमारास माझ्या छिद्रांत क्षार बसला. आम्हाला धुवायला अ‍ॅसिड पाजतात, ते पाजलं. उपयोग झाला नाही. मग मला गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. ज्या नळीनं केळीबाग पाजली तिनं पत्र्यावर नुसतं पडून राहायचं. मी पडून राहिले. पत्राही पडून होता. आमचं जमलं.

आता मंडळाकडे येऊ.

जळगावला प्रकाशचंदजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे गुडघे गेलेले. एकदा नातेवाईक त्यांना सातपुड्यात फिरायला घेऊन गेले आणि जंगल आल्यावर त्यांना गाडीतच ठेवून गेले, काच थोडी उघडी ठेवून. पार्किंगमध्ये बसून त्यांनी दिवसभर समोरच्या गाडीचा नंबर वाचला. संध्याकाळपर्यंत तो पाठ झाला, आणि त्या रागातून मंडळ निघालं. ‘जंगल सगळ्यांचं’ असं त्यांनी पत्रकावर छापलं. खाली लिहिलं, तान्ह्या बाळापासून शंभरीपर्यंत, चालणारे, न चालणारे आणि चालायचा कंटाळा असणारे, सर्वांना घेऊन जाऊ.

वाट दाखवायला कामिनी होती. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी सातपुड्याच्या पायथ्याला लोकांना पक्षी दाखवायची. नीलेश नावाचा एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर यायचा आणि चालणाऱ्यांना मागे टाकायचा. आणि मगन होते. मगन निवृत्त कंडक्टर. त्यांना गप्प बसता यायचं नाही, हे त्यांचं अपंगत्व मंडळानं मान्य केलेलं होतं. प्रत्येक झाड आलं की ते ओरडायचे, “पळस, पळस, उतरणारे पुढे या.” पक्षी उतरायचे नाहीत, उडून जायचे. एकदा एक साळिंदर बिळातून बाहेर आलं, त्यानं मगनकडे बघितलं आणि ते परत गेलं.

कामिनी एकदा आबांच्या गावात शाळेला रानाची माहिती सांगायला आली. सुनंदाबाई मागे बसून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “तठी रानपिंगया हाये का?”

रानपिंगळा म्हणजे छोटं घुबड, मित्रांनो, पण दिवसा हिंडणारं. कामिनी म्हणाली, आहे, नाल्याच्या कडेनं पुढे गेलं की लागणाऱ्या म्हाताऱ्या सागावर बसतो. सुनंदाबाईंचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. लहानपणी वडील रानात लाकडाला गेले की त्या उंबऱ्यावरून हाक मारायच्या, आणि रानातून ‘ओ’ यायची. पुष्कळ वर्षांनी त्यांना कळलं की ओ देणारा बाप नव्हता, पिंगळा होता. बापानं बहुतेक कधी हाक ऐकलीच नव्हती. तरी त्यांना ती ओ पुन्हा ऐकायची होती. आणि तिथपर्यंत स्वतः चालत जायचं होतं. “मले कोनी धरू नका,” त्या म्हणाल्या. “एक डाव. फक्त एक डाव.”

 शेजारी बसलेले आबा उठले, घरी जाऊन गोठ्यावर चढले आणि मला खाली घेऊन आले.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला दुसरा जन्म होता. पहिल्यात मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यातही नाही.

केळीच्या घडाला जसा टेकू देतात, तशा दुबेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठ्या आबांनी वाटेच्या कडेनं रोवल्या आणि त्यांवर मला कमरेच्या उंचीवर ठेवलं. शेवटचं टोक दुमडून त्याला प्लास्टिकची कडी घातली, पाणी अडवायला घालतात तशी, आणि ती कडी सागाच्या एका खुंटावर अडकवली. प्रकाशचंदजींनी दुकानातून चिंध्या आणल्या. आंधळ्या माणसांसाठी लाल रंग का, हे कुणी विचारलं नाही. एक चिंधी म्हणजे थांबा, ऐका. दोन चिंध्या म्हणजे नाल्याची कड आली, डावीकडे झुकू नका. तीन चिंध्या म्हणजे साग आला, डावीकडे हात करा, खोड तिथेच आहे. फेरी संपली की आबा मला गुंडाळून घरी न्यायचे, कारण रानात काही सोडायचं नाही असा नियम होता. म्हणजे गुंडाळण्याचं काम त्यांचंच होतं. फक्त कधी, एवढंच ठरलेलं होतं.

पहिल्या काही रविवारी कामिनी सुनंदाबाईंच्या कोपराशी चालली. त्या हळूहळू शिकल्या. चिंधी आली की थांबायच्या, हसायच्या. पिंगळा काही बोलला नाही, कारण मगन बोलत होते.

मग तो रविवार आला. त्या दिवशी सुनंदाबाई एकट्या जाणार होत्या. बाकी सगळ्यांनी पळसाखाली थांबायचं, आवाज करायचा नाही, काही सांगायचं तर हातानं खुणा करायच्या. मगननी देवाची शपथ घेतली. तोंडात सुपारी धरली, म्हणजे मोह नको. आबांना पळसाखाली उभं राहून बघवेना, म्हणून ते मागे, सगळ्यांना घेऊन आलेल्या टेम्पोपाशी, माझ्या पहिल्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे फोनला रेंज येते. हे लक्षात ठेवा. किंवा नका ठेवू, आता उशीर झाला आहे.

सुनंदाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. घट्ट नाही. सैल मूठ, जशी त्यांना सवय होती. आणि त्या निघाल्या. रान एवढं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या अर्ध्यावर आल्या आणि आबांचा फोन थरथरला. हितेंद्र होता. उद्या शेतात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर येतोय, नळ्या गोळा झाल्या का, एवढं त्यानं विचारलं. आबा नियमाप्रमाणे कुजबुजत म्हणाले, “हो रे भो, गोया करतोच. एक बी नळी पडू देत नही.”

फोन त्यांनी खांद्यावर मान वाकवून धरला होता. दोन्ही हात मोकळे होते. आणि समोर एक पसरलेली नळी होती.

मला पहिलं वेटोळं पडलं तेव्हा वाटलं, वारा असेल. दुसरं पडलं तेव्हा कळलं. आबा रोटाव्हेटरवाल्याबद्दल बोलत होते, तो किती उशिरा येतो, मागच्या खेपेला त्यानं बांध कसा कोरला, आणि हात आपलं काम करत होते. सुंदर वेटोळं. एकावर एक, पीळ नसलेलं. सागावरची कडी आवाज न करता निसटली.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. माझ्यात पाणीही नव्हतं, नाहीतर एखादा थेंब तरी टाकला असता.

मी सुनंदाबाईंच्या मुठीखालून मागे सरकू लागले. आणि त्यांच्या मुठीनं काय केलं असेल? ती आणखी सैल झाली. मला जाऊ दिलं. जाता जाता माझ्या अंगावरची धूळ पुसली. त्या तिकडे, आबा इकडे, मध्ये अख्खं रान, आणि दोन जुने हात त्यांचं जुनं काम करत होते. दोघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं.

सुनंदाबाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांना वाटलं, आपण भरभर चाललो आहोत. इतक्या भरभर त्या लग्नाआधी चालल्या असतील. एक चिंधी हाताला लागली. थोड्याच वेळात दोन आल्या. त्या हसल्या. तरातरा निघालेल्या पोरीसारखं हसल्या, आणि खरं म्हणजे त्या नाल्याच्या कडेला जवळजवळ जागच्या जागी उभ्या होत्या.

पळसाखालून कामिनीनं चिंध्या सरकताना बघितल्या. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं हात हलवले. नीलेशनं दोन्ही हात हलवले. प्रकाशचंदजींनी काठी हलवली. सगळ्यांनी नियम पाळला. सगळ्यांनी मिळून एका आंधळ्या बाईला खुणा केल्या, थांबा म्हणून. मगननी तर तोंडावर हात दाबून धरला. आयुष्यभर न मिटलेलं तोंड त्यांनी तेवढ्याच वेळापुरतं मिटलं.

तीन चिंध्या सुनंदाबाईंच्या हाताखाली आल्या. त्या थांबल्या. मला सोडलं. डावीकडे वळून, खोडाला टेकायला त्यांनी हात पुढे केला आणि अंग टाकलं.

तिथे साग नव्हता. नाला होता.

मग सगळे ओरडले. मगन सगळ्यात मोठ्यानं ओरडले, “थांबा!” तोवर त्या तळाशी गेल्या होत्या. पाणी नव्हतं, दगड होते. कामिनी पहिली खाली उतरली. सुनंदाबाई पालापाचोळ्यात पडल्या होत्या, उजवा हात अंगाखाली. त्या रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “अवं, झाड कुठी गेलं?”

आबा धावत आले ते अर्धं वेटोळं गळ्यात घेऊनच. गळ्यातल्या नळीकडे त्यांनी बघितलं. मग बायकोकडे. फोनमधून हितेंद्र अजून विचारत होता, आबा, ऐकू येतंय का.

त्या सगळ्या गोंधळात पिंगळा काही बोलला का, ते मी सांगू शकत नाही. बोलला असेल तर कुणी ऐकलं नाही.

सुनंदाबाईंचं उजवं मनगट मोडलं. त्याला प्लास्टर घातल्यामुळे आता ते कुणाला धरता येत नाही. लोक कोपर धरतात. हितेंद्रनं आईच्या चपला कपाटाच्या वर ठेवल्या. तोही प्रेमानंच. मंडळाची सभा झाली. घटना घडली असं मानलं तर पुढच्या सहलींना परवानगी मिळणार नाही, म्हणून घटना घडली नाही असं ठरलं. घटना नाही म्हणजे नळीही नाही. नळी नाही म्हणजे नळीवरची वाटही नाही. शेवटी असं लक्षात आलं की सहल उरलीच नाही. फलक मात्र आहे, जंगल सगळ्यांचं, दर रविवारी. दर रविवारी फलक तिथे एकटा उभा असतो. कामिनी आता रविवारी घरीच वह्या तपासते. मगन बाजारात दिसेल त्याला ‘थांबा’ म्हणतात. केळीवाल्याला म्हणतात, म्हशीला म्हणतात. लोक थांबतात, वाट बघतात आणि निघून जातात.

आबांनी कुणाला काही सांगितलं नाही. सुनंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, मी सागापर्यंत पोचले व्हते, पन तठी साग नव्हता. लोक हो म्हणायचे. काय म्हणणार?

मग एका दुपारी त्या भिंतीला हात लावत गोठ्यात आल्या. मी खुंटीवर होते. त्यांचा डावा हात माझ्यावर पडला. माझं अर्धं वेटोळं घट्ट आहे, एकावर एक, पीळ नसलेलं. उरलेलं अर्धं कामिनीनं त्या गडबडीत कसंतरी बोळा करून टाकलेलं. सुनंदाबाईंची बोटं घट्ट वेटोळ्यावर फिरली, चिंध्यांपर्यंत गेली, तिथे थांबली. आबा दारात येऊन उभे होते. त्यांना श्वास घेताना ऐकूनच सुनंदाबाईंनी ओळखलं असणार.

“मले तवाच वाटलं व्हतं, नळी चालू राह्यली,” त्या म्हणाल्या. “पन म्या म्हटलं, नही, आपुनच चालू राह्यलो.”

आबा खाली बसले. बसल्या बसल्या त्यांच्या हातांनी जमिनीवरचं म्हशीचं दावं उचललं आणि गुंडाळायला घेतलं. मग त्यांना ते दिसलं. त्यांनी दावं टाकलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

सुनंदाबाई त्यांची वाट बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “पुन्हा पसरा.”

आबांनी मला खुंटीवरून काढलं. अंगणात पसरायला घेतलं. मी फाटकापर्यंत पोचले आणि अंगण संपलं. तेवढ्यात आतून हितेंद्र आला. तो चांगला मुलगा आहे, मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते. त्यानं आईचं कोपर धरलं आणि तिला आत नेलं. मग आबांना सांगितलं की जुन्या नळ्या नेणारा येत्या बाजारच्या दिवशी येतोय. त्या वितळवून दाणा करतात, त्या दाण्यातून नवी नळी निघते. आबांनी मला गुंडाळलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं वेटोळं वेडंवाकडं झालं.

तर मित्रांनो, मी दाण्यातून आले, दाण्यात जाणार. त्याआधी मी एक अर्ज करते. तो कुणाकडे करायचा ते मला माहीत नाही, म्हणून तुमच्याकडे करते.

प्रति, माननीय संबंधित अधिकारी. विषय, अर्जदार नळीस एकवार पसरणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की अर्जदार नळी, जी आपल्या दप्तरी अस्तित्वात नाही, तिला पळसापासून सागापर्यंत एक वेळ पसरण्याची परवानगी मिळावी. दोन्ही टोके पक्की बांधण्यात यावीत. सदर कालावधीत श्री. कौतिक यांचे हात अन्य कामी गुंतवून ठेवावेत व त्यांचा फोन जप्त करण्यात यावा. उपस्थितांनी शांतता पाळावी, मात्र गरज पडल्यास ओरडावे. रानपिंगळ्यास हजर राहणेबाबत आपल्या स्तरावरून समज द्यावी, व हाक आल्यास त्याने ओ द्यावी. अर्ज फेटाळल्यास तसे लेखी कळवावे. कळवतेवेळी अर्जदाराचा दाणा झालेला असल्यास प्रत्येक दाण्यास स्वतंत्रपणे कळवावे. आणि निर्णय होईपर्यंत श्रीमती सुनंदाबाई यांच्या चपला कपाटावरून खाली काढून ठेवण्यात याव्यात व त्यांचे मनगट, प्लास्टर निघाल्यानंतरही, कोणी धरू नये, ही नम्र विनंती.